गाळ बसेपर्यंत

१२ नोव्हेंबर

काल जेवताना ही म्हणाली, "तुझ्या अंगाला वास येतोय."

लग्नाला वीसेक वर्षं झाली, हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा आलं. लेक घास हातात धरून आमच्याकडे बघत राहिली. मी उठलो, पुन्हा अंघोळ केली. परत येऊन बसलो तेव्हा ताट गार झालं होतं. ही म्हणाली, "आता गेला," आणि जेवू लागली. तिला बोलल्याचं वाईट वाटत होतं, मला तिला बोलावं लागल्याचं.

मी डायरी लिहिणारा माणूस नाही. पण रोज सकाळी प्रयोगशाळेत मला अर्धा तास रिकामा मिळतो. ज्या टाकीत सांडपाण्याला हवा देतात तिच्यातलं पाणी काचेच्या उंच मोजपात्रात भरून ठेवायचं आणि गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं. तो कसा बसतो त्यावरून टाकीतले सूक्ष्म जीव धडधाकट आहेत का ते कळतं. तेवढ्या वेळात टेबलाला धक्का लागू द्यायचा नसतो, म्हणून मी जागचा हलत नाही. इतकी वर्षं खिडकीबाहेर बघत बसायचो, आता लिहीन. हे प्रकरण मला नीट तपासायचं आहे.

गावाचं सांडपाणी साफ करणाऱ्या या केंद्राचा मी रसायनतज्ज्ञ. वासाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला कचेरीत कसं वाटेला लावतात ते मी पाहिलं आहे. "मनाचे खेळ असतात हो." आणि मी जाऊन शोधलं की कुठेतरी फुटकं झाकण, वास अडवणारं पाणी आटून कोरडा पडलेला ट्रॅप निघतोच. मी आजवर कोणाला म्हटलेलं नाही की वास तुमच्या डोक्यात आहे. स्वतःच्या बायकोला तर मुळीच म्हणणार नाही.

अडचण एवढीच की माझं नाक साक्षीला चालणार नाही. नाक कुठल्याही वासाला काही मिनिटांत सरावतं आणि मग सांगणंच बंद करतं. म्हणजे या बाबतीत मी आंधळा, आणि ही सांगेल ते खरं.

१५ नोव्हेंबर

नवी शिस्त सुरू केली. कामाचे कपडे इथेच ठेवायचे. निघताना इथल्या मोरीत साबण लावून अंघोळ, मग घरी मागच्या दाराने जाऊन दुसरी.

भोंग्याने काल मला अंग घासताना पाहिलं. भोंगा म्हणजे आमचा ऑपरेटर. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या गडगडाटात बोलून बोलून त्याला हळू बोलणं जमेनासं झालंय. त्याची बायको म्हणते, हा कानात गुपित सांगतो ते वेशीवर ऐकू जातं.

"साहेब, परत नवरदेव होताय काय?"

"तुझ्या वहिनींना वास येतो माझा."

त्याने जवळ येऊन माझा खांदा हुंगला. "मला तर नाही आला."

"तुला कसा येईल? आपण दोघं एकाच टाकीतले."

"हां, ते पण खरं," म्हणाला, आणि जाताना स्वतःची बाही हुंगून गेला.

लेकीलाही विचारलं. ती कॉलेजात जाते, स्पष्ट बोलते. "मला काही वास येत नाही, बाबा. कधीच येत नव्हता." पण ती जन्मल्यापासून माझ्याच अंगाखांद्यावर वाढली आहे. तिचा जबाब मी बाद धरला.

२३ नोव्हेंबर

काल संध्याकाळी हिला आणायला दुकानात गेलो. ही चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळते. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नाही. "मी लोकांचे डोळे उघडते, तू नाकं दाबायला लावतोस" हा तिचा जुना विनोद.

मी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेलो होतो. आत पाऊल टाकलं तेव्हा ती एका आजोबांच्या कानामागे फ्रेमची काडी वाकवत होती. तिने वर पाहिलं आणि थांबली. हात तसाच हवेत. नजर माझ्याकडे, पण माझ्या पलीकडे कुठेतरी. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते, तोंडात घाण चव आल्यावर हलतात तसे.

आजोबा म्हणाले, "बाई, कान माझाच आहे हो, सोडा आता."

मग ती भानावर आली, हसली, आणि काम संपवून माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आलात? आणि बरोबर घेऊनच आलात." चारचौघांत ती मला अहो-जाहो करते, घरात अरे-तुरे. आमची कॉलेजातली ओळख.

म्हणजे आता शंका राहिली नाही. मी दारात आणि वास आला. दुकानमालकाला बाजूला घेऊन विचारलं, तो म्हणाला, "छे हो, साबणाचा वास येतोय नुसता." सभ्य गृहस्थ आहे. तोंडावर कोण सांगेल?

येताना ती माझ्यापासून हातभर अंतर ठेवून चालत होती. हे मला लागलं. लागायला नको होतं.

२ डिसेंबर

कालपासून बाहेरच्या खोलीत झोपतो. मीच सुचवलं. सुचवून झाल्यावर ती "कशाला उगाच" म्हणेल म्हणून दारात थोडा वेळ घुटमळलो, हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. तिने उशी काढून दिली.

सकाळी उठल्यावर तिचं डोकं दुखतं. मला आश्चर्य वाटत नाही. गटारातल्या वायूने डोकं धरतं, हे आम्ही नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी शिकवतो. तो वायू मी तिच्यासाठी घरी वाहून आणतोय.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती माझ्या मानेत नाक खुपसून म्हणायची, "पाणी घातलेल्या कुंडीसारखा वास येतो तुला." मी तिला समजावलं होतं की बरोबर आहे, निरोगी गाळाला मातीचाच वास येतो, टाकीतले जीव नीट खातपीत असल्याची ती खूण आहे, आणि तो कुजका यायला लागला की समजायचं... ती म्हणाली होती, "गप्प बस आणि जवळ ये."

त्या वाक्याच्या हिशेबाने बघितलं तर माझ्यात काहीतरी कुजलंय. काय ते सापडत नाही.

१४ डिसेंबर

सापडलं!

परवा ही सहज म्हणाली, "तू केंद्रावर असतोस तेव्हाही येतो कधीकधी. ओट्यापाशी." ऐकून मला इतका आनंद झाला की लाज वाटली. म्हणजे मी नव्हे, घर! कसं सुचलं नाही? गावभर पाइप तपासत हिंडणाऱ्याच्या स्वतःच्या घरातला पाइप. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

काल सुट्टी होती. भोंगा धुराची कांडी घेऊन आला. बाहेरच्या चेंबरमध्ये धूर सोडायचा, गच्चीवर गेलेल्या नळीच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि घरात कुठून धूर निघतो ते बघायचं. जिथून धूर येईल तिथूनच वास येणार. ही स्वयंपाकघरात खुर्ची टाकून परीक्षकासारखी बसली होती.

"घर पेटलं म्हणून शेजारी धावून येतील."

"येऊ देत की, वहिनी. चहा टाका," भोंगा म्हणाला.

आणि सिंकच्या मागे, पाइप भिंतीत शिरतो तिथून, दोऱ्याएवढा धूर निघाला. भोंग्याने अशी आरोळी ठोकली की शेजारी खरोखरच आले. मी भिंत फोडली. पाइपला नखाएवढी चीर. नवा तुकडा बसवला, सांधा भरला, घरातल्या प्रत्येक ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओतलं.

हात धुताना ही मागून आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "सुटलास रे बाबा," म्हणाली.

सुटलो. हे लिहिताना मोजपात्राकडे लक्ष नव्हतं. गाळ केव्हाच बसला आहे, वरचं पाणी काचेसारखं.

२२ डिसेंबर

वास नाही. आठवडाभर एकदाही नाही. मी माझ्या जागेवर झोपतो.

काल शिवायला बसली तेव्हा मला म्हणाली, "ते दे ना रे, ते... कापायचं." कात्री समोरच होती. "कात्री?" म्हटलं. "तीच ती," म्हणून खूप हसली. दुकानातही दोन गिऱ्हाइकांच्या फ्रेमी उलटसुलट दिल्या म्हणे. लेक म्हणाली, "आई, तुझाच नंबर काढायला हवा." ही म्हणाली, "राणी सरकार, चाळिशी तुम्हालाही गाठेल."

किती दिवसांनी घरात असं हसू झालं. ब्लोअरचा आवाजसुद्धा आज गोड वाटतोय.

६ जानेवारी

पुन्हा आला. परवा दोनदा, काल सकाळी एकदा. मी पुन्हा बाहेरच्या खोलीत.

या वेळी मी तिला नीट विचारलं, नेमका कसा? घाईघाईत अंदाज बांधून मागच्या वेळी मी चुकलो असेन. ती डोळे मिटून म्हणाली, "जळकं रबर. आणि त्याच्या खाली काहीतरी सडलेलं. आणि येतो तेव्हा वाटतं की हे सगळं असंच आधी होऊन गेलंय. तू असाच उभा होतास, मी असंच सांगत होते."

"कधी कधी येतो ते मांडून ठेवशील का?"

"मी काय तुझी ऑपरेटर आहे?"

सडलेलं समजू शकतो, ते आमच्याकडचंच. पण जळकं रबर सांडपाण्यात कुठून येणार? दिवसभर डोकं खाजवलं, मग उजेड पडला. ब्लोअरचा पट्टा! रबरी असतो, घासून जळतो, आणि मी दिवसभर त्याच्या शेजारी. पट्टा तपासला, थोडा झिजलेला होता. बदलून घेतला.

भोंगा म्हणाला, "साहेब, पट्टा अजून वर्षभर चालला असता." त्याला कारण सांगितलं. तो काही बोलला नाही. भोंगा बोलला नाही, म्हणून नोंदवून ठेवतो.

१९ जानेवारी

लेकीशी भांडण. ती म्हणाली, "बाबा, आईला आपल्या गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जा. ही मध्येच हरवते. काल दूध उतू गेलं, ती समोर उभी होती."

मी म्हणालो, "तिला त्रास वासाचा होतोय, आणि वास माझ्या कामाचा आहे. ती डॉक्टरकडे कशाला जाईल?"

"पण वास कुणालाच येत नाही ना!"

"म्हणजे तुझी आई खोटं बोलते? वेडी आहे?"

हे मी ओरडून बोललो. ही शेजारच्या खोलीतून ऐकत होती. लेक रडत निघून गेली. मग ही येऊन माझ्याजवळ बसली. "तू माझी बाजू घेतलीस," म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला अभिमान वाटला.

आज बदलीचा अर्ज दिला. नदीकाठच्या पिण्याच्या पाण्याच्या केंद्रात जागा आहे. मोठे साहेब म्हणाले, "घाणीतला माणूस शुद्ध पाण्यावर बसवला तर लोक पाणी प्यायचे बंद होतील." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "बघतो."

ही टाकी मी पहिल्या दिवसापासून वाढवली. दुसऱ्या गावाहून पिंपातून जिवंत गाळ आणला, त्याला शेण आणि मळी घालून जगवलं. ती सोडून जायचं. पण हिच्यापेक्षा टाकी मोठी नाही. खरं तर हा निर्णय मी डिसेंबरातच घ्यायला हवा होता.

७ फेब्रुवारी

ही काल तिच्या बहिणीकडे गेली. तिथे मोकळं माळरान आहे, गटाराचा मागमूस नाही. नाकाला विश्रांती मिळेल. तोवर मी घर बाहेरून आतून धुऊन काढणार आहे. पडदे उतरवले. गादीचा कापूस उन्हात घातला.

एसटीत बसल्यावर तिने खिडकीतून माझी बाही ओढली आणि हुंगली. "आज नाही येत," म्हणाली. मग, "ये ना रे तूही." म्हटलं, वेडी का काय, मी आलो तर सगळंच मुसळ केरात.

१० फेब्रुवारी

परवाचं लिहितो. मोजपात्र भरून ठेवलं होतं आणि फोन वाजला. हिची थोरली बहीण. "तुम्ही निघून या." मी विचारलं काय झालं, तर त्या म्हणाल्या, "अंगणात उभी होती. म्हणाली, ताई, वास आला. आणि कोसळली. हातपाय ताठ. तोंडाला फेस. तुम्ही या आधी."

अंगणात. माळरानावर. मी इतक्या मैलांवर.

मी पात्र तसंच सोडून धावलो. आज इथे आलो तर ते टेबलावर तसंच आहे. गाळ खाली बसून पुन्हा वर तरंगून आला आहे, काळा पडून. जास्त वेळ ठेवला की असं होतं. हवा न मिळाल्याने आतून सडतो.

हिला शहरातल्या इस्पितळात हलवलंय, तिचे कपडे घेऊन पुन्हा तिकडेच निघतोय.

१३ फेब्रुवारी

इस्पितळाच्या बाकावर.

मेंदूत गाठ आहे. कानशिलाच्या आत, वासाच्या वाटेवर. डॉक्टर म्हणाले, ती गाठ मेंदूला डिवचते तेव्हा मेंदूला वास आल्याचा भास होतो. जळक्या रबराचा पुष्कळांना होतो. माणूस क्षणभर हरवतो, ओठ हलवतो, सगळं आधी घडून गेल्यासारखं वाटतं. ती फिटच असते, फक्त लहान.

त्यांनी विचारलं, असं काही जाणवलं होतं का? मी सांगायला लागलो. दुकानातली फ्रेम, आजोबांचा कान, ओठ, सकाळची डोकेदुखी, कात्री, उतू गेलेलं दूध. मी इतकं सांगितलं की त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

"हे सगळं तुमच्या लक्षात आलं होतं?"

त्यात ठपका नव्हता. नुसता प्रश्न होता. उत्तर हो असं होतं.

मी विचारलं, नोव्हेंबरात आलो असतो तर? ते म्हणाले, "या जातीच्या गाठीत तसं सांगता येत नाही." ते दयाळू आहेत की खरं बोलतायत, कळत नाही. मी दोन्ही बाजूंनी उलटून पाहतो. दयाळू असतील तर खरं काय ते मला ठाऊक आहे. खरं बोलत असतील तरी त्या तीन महिन्यांतल्या कितीतरी रात्री मी बाहेरच्या खोलीत झोपलो.

मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. सगळीकडे शोधलं. भिंत फोडली. फक्त तिच्याकडे पाहिलं नाही.

१४ फेब्रुवारी

हिला सांगितलं. डॉक्टर सांगणार होते, ती म्हणाली, "तूच सांग, तू नीट समजावतोस."

ऐकून झाल्यावर ती छताकडे बघत म्हणाली,

"म्हणजे तुझा वास नव्हताच."

"नव्हता."

"आणि तू भर थंडीत दोनदोनदा अंघोळी केल्यास."

"हो."

तिला हसू फुटलं. सलाइनचा हात हलला म्हणून नर्स रागावली. "आयुष्यात एकदा माझं ऐकलंस," ही म्हणाली, "तेसुद्धा नको तिथे." मग हात पुढे केला. "ये इकडे. किती दिवस झाले, लांबलांब राहतोस."

मी कॉटच्या कडेला डोकं टेकलं. तिने माझे केस हुंगले. "नुसता साबण," म्हणाली, आणि रडायला लागली.

२८ मार्च

शस्त्रक्रिया झाली. सगळी गाठ निघाली नाही. घरी आणलं आहे.

बदलीचा हुकूम आला होता, मी परत केला.

परवा ही म्हणाली, "उद्या अंघोळ न करता ये. थेट टाकीवरून ये." शब्द अडखळत येतात, पण हे तिने सरळ म्हटलं. काल मी कामाच्या कपड्यांत घरी गेलो. लेकीने तिला उशीला टेकवून बसवलं होतं. तिने माझी मान दोन्ही हातांनी ओढली, नाक लावलं, खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"कुंडी?" मी विचारलं.

ती मागे सरली. "काहीच येत नाही रे," म्हणाली. "तुझा पण नाही, कशाचाच नाही."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं होऊ शकतं. मी तिला सांगितलं नव्हतं.

१९ एप्रिल

भोंगा वहिनींना बघायला आला. दारातच लेकीने "हळू बोला काका" म्हटलं, तर तो अख्खा वेळ एक शब्द बोलला नाही. नुसता बसला. जाताना माझ्या कानात "साहेब" एवढंच म्हणाला. मला वाटतं ती त्याची कुजबुज होती. ही आतून म्हणाली, "कोण ओरडतंय?" आणि आम्ही तिघंही हसलो. खूप दिवसांनी.

३१ मे

गाठ पुन्हा वाढतेय. औषधाने ती दिवसभर पेंगते.

काल लेकीने सांगावं की नाही असा विचार करून सांगितलं. मी घरातून निघाल्यावर ही तिला म्हणाली, "हे गृहस्थ रोज येतात. बसतात. काही बोलत नाहीत. पण किती स्वच्छ माणूस आहे."

मी खूप वेळ हे वाक्य बघत बसलो आहे. स्वच्छ माणूस.

१२ जून

घरात आम्ही तिघंच होतो. मी पाणी पाजलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही कशाला त्रास घेता?"

चारचौघं कोणी नव्हते. मी म्हटलं, त्रास कसला. ती म्हणाली, "घरी तुमची वाट बघत असतील."

"बघू दे," मी म्हणालो.

३ जुलै

ही गेली. सकाळी. तिचा हात माझ्या हातात होता, आणि आम्ही दोघं एकाच खोलीत होतो. एवढं लिहून ठेवतो.

५ ऑगस्ट

कामावर येऊन बरेच दिवस झाले, लिहिलं नाही. पात्र भरतो आणि त्याच्याकडे बघतो. गाळ चांगला बसतोय. त्याला काही कळत नाही, हे बरं आहे.

हिच्या कपड्यांचं कपाट मी रोज उघडत नाही. उघडलंच तर एक श्वास घेतो आणि लगेच लावून टाकतो. नाक सरावतं. एकदा सरावलं की मग सांगत नाही, मला माहीत आहे. पुरवून वापरायचं.

लेक म्हणते, बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंच नाही का? ऐकलं. पाठ आहे. "सांगता येत नाही." ज्या माणसाने आयुष्यभर जे सांगता येत नाही ते सांगता येईपर्यंत मोजलं, त्याला हे वाक्य कुठे ठेवायचं ते समजत नाही.

१ सप्टेंबर

कालचं सगळं क्रमाने लिहितो.

संध्याकाळी घरी गेलो. लेक अभ्यास करत होती. मी शेजारी बसलो तशी तिने मान वळवली, नाक आक्रसलं आणि म्हणाली, "बाबा, वास येतोय."

मी तिला म्हटलं, ऊठ. ती म्हणाली, कुठे? म्हटलं, चप्पल घाल. तिच्या ओठांकडे बघत होतो, हलतायत का. वाटेत विचारत होतो, कसा आहे, जळका आहे का, आधी घडून गेल्यासारखं वाटलं का, सकाळी डोकं दुखतं का. ती "बाबा, थांबा", "बाबा, ऐका तरी" म्हणत होती. मी तिचा हात सोडला नाही. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात रांग होती. मी रांग मोडून आत शिरलो. आयुष्यात प्रथमच मोडली.

"हिला वास येतोय," मी म्हणालो. "आजपासून. आत्ताच. मी लगेच आणलंय."

डॉक्टरीणबाई उठून आल्या. आमचं सगळं त्यांना ठाऊक आहे. त्यांनी लेकीचे डोळे बघितले, बोट फिरवून दाखवलं, गुडघ्यावर हातोडी मारली, काय काय विचारलं. सगळं ठीक होतं. मग त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. जरा वाकल्या.

"मलाही येतोय," त्या म्हणाल्या.

मला काही समजेना.

"तुम्हाला येतोय हो. तुमच्या अंगाला. अंघोळ कधी केली होतीत?"

मला आठवेना. खरंच आठवेना. सदरा कोणत्या दिवसापासून घातलाय तेही आठवेना. लेक माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे. तिच्या चेहऱ्याकडे, डोळ्यांकडे, ओठांकडे. नीट, शांतपणे. तिला काही झालेलं नव्हतं. वास खरा होता. तो माझाच होता.

मी खुर्चीत बसलो आणि इतका रडलो की रांगेतली माणसं पडदा सारून बघायला लागली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाहेर काढलं. लेक माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि "काही नाही, काही नाही" म्हणत होती, मी लहान असल्यासारखं.

घरी येऊन अंघोळ केली. पुष्कळ वेळ करत होतो. शेवटी बाहेरून दारावर थाप पडली. "बाबा, पाणी संपेल!"

संपत नाही, मी म्हटलं. सगळं वाहून शेवटी माझ्या टाकीतच येतं. आज सकाळी आलंही असेल.